मानेला झटका देण्याच्या संदेशाबाबत खुलासा

‘मानेला एक झटका दिला की दबलेली शीर मोकळी होऊन जुनी डोकेदुखी कायमची जाते’ हा बेळगाव, खानापूर, निपाणी परिसरातील व्हॉट्सॲप गटांवर फिरणारा संदेश चुकीचा आहे. मानेच्या वरच्या तीन मज्जातंतूंच्या आणि चेहऱ्याच्या संवेदना मेंदूच्या देठाशी एकत्र येत असल्यामुळे मानेचे दुखणे डोक्यात जाणवू शकते, आणि अशा वेळी फिजिओथेरपिस्टने शिकवलेले मानेच्या खोल स्नायूंचे व्यायाम काही आठवडे नियमित केल्यास अनेकांना आराम पडतो. अर्धशिशीचे कारण मात्र निराळे असते. जोरदार झटक्यानंतर मानेतील रक्तवाहिनी फाटून पक्षाघात झाल्याच्या, क्वचित का होईना, वैद्यकीय नोंदी आहेत, आणि संदेशात नेमके हेच सांगितलेले नाही. अचानक असह्य डोके दुखल्यास किंवा हात लुळा पडल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे. हा संदेश कृपया पुढे पाठवू नये.