साखर नसली तरी दात आंबतात

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेल्या आठवड्यात दादाने, म्हणजे माझ्या चुलतभावाने, एक मेसेज ढकलला. मथळा होता ‘डाएट कोल्ड्रिंक आणि दात: गैरसमज दूर करा!’ खाली पाच मुद्दे, प्रत्येकापुढे हिरवी बरोबरची खूण. थोडक्यात ते असे. एक, डाएटमध्ये साखर नाही, म्हणजे दात किडत नाहीत, म्हणजे दात सुरक्षित. दोन, लिंबाचा रस त्याहून आंबट असतो आणि लिंबू सरबत आपण पिढ्यान्‌पिढ्या पितोय. तीन, कोल्ड्रिंकमध्ये दात रात्रभर ठेवला की विरघळतो ही निव्वळ अफवा. चार, तरीही शंका असेल तर प्यायल्यावर लगेच ब्रश करा. पाच, आणि हे त्यांचं ब्रह्मास्त्र: डॉक्टर स्वतःच मधुमेहींना डाएट प्यायला सांगतात.

मी अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे असं काही आलं की घरचे माझ्याकडेच बघतात. पंचाईत अशी की मेसेजमधली बरीचशी वाक्यं खरी आहेत. धडधडीत खोटं असतं तर एका ओळीत निकाल लागला असता.

पहिल्या मुद्द्यापासून सुरू करू, कारण बाकीचे चार त्याच्याच खांद्यावर उभे आहेत. साखर नाही म्हणजे कीड नाही, इथपर्यंत ठीक. तोंडातले जंतू साखर खातात, आम्ल सोडतात, ते आम्ल दाताला एका जागी पोखरतं आणि भोक पडतं. साखरच दिली नाही तर जंतू उपाशी. साध्या कोलाच्या ३३० मिलीच्या डब्यात साधारण ३५ ग्रॅम साखर असते, म्हणजे सात चमचे. ती टळली हा फायदाच आहे, तो मी नाकारत नाही.

पण ‘दात सुरक्षित’ हे कुठून आलं? दाताचं नुकसान करतं ते आम्ल. साखर फक्त जंतूंकडून ते तयार करून घेते. साध्या कोल्ड्रिंकमध्ये आम्ल दोन वाटांनी येतं: एक थेट डब्यातून, दुसरं जंतूंच्या मार्फत. डाएटमध्ये दुसरी वाट बंद होते, पहिली सताड उघडीच राहते. या पहिल्या वाटेने होतं त्याला किडणं म्हणत नाहीत, झिजणं म्हणतात. त्यात काळं भोक पडत नाही. सगळ्या दातावरून एक पातळ थर जातो, मग आणखी एक. म्हणून तो लवकर लक्षातही येत नाही.

आणि हे कळायला आपल्याला प्रयोगशाळा लागू नये. लहानपणी मीठ-तिखट लावून कैऱ्या खाल्ल्या की दात आंबायचे, आठवतंय? रात्री पोळीचा घास चावतानाही शिरशिरी यायची. त्या कैरीत साखर होती म्हणून आंबले का? ‘दात आंबणे’ हा शब्द आपल्याकडे आयता आहे. आम्लाने दाताला काय होतं ते आपल्या आज्या एका क्रियापदात सांगून मोकळ्या झाल्या होत्या, आणि आपण मात्र डब्यावर ‘शुगर फ्री’ वाचून निश्चिंत होतो.

डब्यावरचंच काढलं तर बारीक अक्षरातलंही वाचा. घटकांच्या यादीत ‘ॲसिडिटी रेग्युलेटर’ असं लिहून पुढे ३३८ किंवा ३३० हा आकडा असतो. रेग्युलेटर म्हटलं की आम्लाला लगाम घालणारं काहीतरी असावं असं वाटतं. प्रत्यक्षात ३३८ म्हणजे फॉस्फोरिक आम्ल आणि ३३० म्हणजे सायट्रिक आम्ल.

मी प्रयोगशाळेत मुलांकडून हे करून घेते. कोलाचा रंगच इतका गडद की आम्लपणा दाखवणाऱ्या पीएच पेपरचा रंग धड कळत नाही, म्हणून लिंबाच्या चवीचं पारदर्शक डाएट पेय आणायचं. बीकरमध्ये ओतून, गॅस जाईपर्यंत ढवळून, पट्टी बुडवली की ती लालसर-नारिंगी होते आणि तक्त्यावर तीनच्या आसपास जुळते. पीएचचा आकडा जितका कमी, तितका आंबटपणा जास्त. दाताचं वरचं कवच, एनॅमल, साधारण साडेपाच पीएचच्या खाली विरघळू लागतं. मुलं म्हणतात, तीन आणि साडेपाच, अडीचचाच तर फरक. तेव्हा आठवण करून द्यावी लागते की पीएचची एक पायरी म्हणजे दहा पट. अडीच पायऱ्या म्हणजे तीनशे पटींच्या वर.

अमेरिकेतल्या अलाबामा विद्यापीठाच्या संशोधकांनी तिथल्या दुकानांत मिळणारी ३७९ पेयं मोजली होती, २०१६ मध्ये ते छापून आलं. त्यात साध्या कोका-कोलाचा पीएच २.३७ आणि डाएट कोकचा ३.१० निघाला. म्हणजे डाएट कमी आंबट आहे, पाच पटींनी कमी. हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण दोन्ही साडेपाचच्या कितीतरी खाली. चौथ्या मजल्यावरून पडण्यापेक्षा तिसऱ्यावरून पडणं बरं, एवढाच त्याचा अर्थ. मेलबर्नच्या संशोधकांनी २०१५ मध्ये साखरेची आणि बिनसाखरेची शीतपेयं दातांवर तपासली, तेव्हा दोन्हींनी मोजता येईल इतका थर गेला आणि दोन गटांत म्हणण्यासारखा फरक सापडला नाही.

(काकूने मध्येच विचारलं की मग साधा सोडा? नुसत्या सोड्यात कार्बोनिक आम्ल असतं, ते फार दुबळं. गुन्हेगार बुडबुडे नव्हेत, चवीसाठी घातलेली आम्लं आहेत.)

आता लिंबू सरबत. हा मुद्दा हुशारीने मांडलाय आणि त्यातली तुलना खरी आहे. लिंबाच्या रसाचा पीएच सव्वादोनच्या आसपास असतो. पेलाभर पाण्यात अख्खं लिंबू पिळलं तर त्यातलं एकूण आम्ल कोलापेक्षा जास्तच भरेल. पण यावरून निष्कर्ष निघतो तो ‘सरबतही दातांना लागतं’ असा. ‘कोल्ड्रिंक लागत नाही’ असा निघत नाही. शेजाऱ्याची म्हैस आपल्या शेतात जास्त चरली म्हणून आपली गाय चरलीच नाही, असं कसं म्हणणार? शिवाय सरबत आपण कसं पितो बघा. उन्हातून आलो, पेला तोंडाला लावला, दोन मिनिटांत रिकामा. रोज सकाळी उपाशीपोटी गरम पाण्यात लिंबू पिळून चहासारखं घोट-घोट घेणाऱ्यांनी मात्र आपले पुढचे दात उजेडात एकदा नीट बघावेत.

कारण इथे वेळेचा हिशोब मोठा आहे. एक घोट घेतला की तोंडात आम्ल होतं, मग लाळ कामाला लागते. ती आम्ल धुते, बायकार्बोनेटने ते मारते आणि तिच्यातलं कॅल्शियम-फॉस्फेट मऊ झालेल्या पृष्ठभागाला थोडंफार सावरतं. काही मिनिटांत मामला निवळतो. पुढचा घोट त्याआधीच आला तर लाळेला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. अख्खा डबा जेवताना संपवणं आणि तोच डबा चार तास पुरवणं यात पोटात जाणारं आम्ल तेवढंच, दातांना मात्र दुसरा प्रकार कितीतरी महाग. एनॅमलमध्ये जिवंत पेशी नसतात, त्यामुळे गेलेला थर कातडीसारखा भरून येत नाही.

रात्रभरात दात विरघळतो ही अफवा? हो, अफवाच. तिचं मूळही सापडतं. कॉर्नेल विद्यापीठाचे क्लाइव्ह मॅके यांनी १९५० मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे साक्ष दिली होती की कोलात काही दिवस ठेवलेले दात मऊ पडतात. मऊ पडण्याचं पुढे विरघळणं झालं, दिवसांची रात्र झाली. पेल्यात बुडवलेल्या दाताला लाळ नसते आणि माणूस कोला तोंडात धरून झोपत नाही, म्हणून तो प्रयोग तोंडाला तसाच लागू होत नाही. अंड्याचं कवच कोलात बुडवून दाखवणारे व्हिडिओही त्याच माळेतले: कवच कॅल्शियम कार्बोनेटचं, दात कॅल्शियम फॉस्फेटचा, दोघांची तुलना करायचीच कशी?

दादाच्या मेसेजला उत्तर म्हणून भाचीने दुसरं टोक टाकलं होतं: ‘डाएट सोडा दातांना ड्रग्जइतकाच घातक!’ हेही जगभर फिरलेलं आहे. २०१३ मध्ये फिलाडेल्फियाच्या टेम्पल विद्यापीठातले डॉ. मोहम्मद बॅसिऊनी यांनी तीन रुग्णांची तुलना छापली. एक मेथॅम्फेटामाइन घेणारा, एक क्रॅक कोकेन घेणारा आणि एक तिशीतली बाई, जी काही वर्षं रोज दोन लिटर डाएट सोडा पीत होती. तिघांचे दात सारखेच गेलेले. पण तिघांनीही दातांची निगा राखलेली नव्हती, दंतवैद्याचं तोंड वर्षानुवर्षं पाहिलेलं नव्हतं. रोजचे दोन लिटर आणि तीन माणसं. यावरून आठवड्याला एक डबा पिणाऱ्याला घाबरवणं बरोबर नाही. भाचीलाही तेच सांगितलं. मोठी अफवा खोटी ठरली म्हणून छोटं नुकसान खोटं ठरत नाही, आणि छोटं नुकसान खरं म्हणून मोठी अफवाही खरी होत नाही.

चौथा मुद्दा मला खरा राग आणणारा आहे, कारण तो शहाण्या माणसाला चुकीचं करायला लावतो. आम्लाने एनॅमलचा वरचा थर काही काळ मऊ झालेला असतो. त्याच वेळी ब्रश आणि पेस्टमधली बारीक भुकटी घासायची म्हणजे ओल्या गिलाव्यावर खराटा फिरवण्यासारखं. आधी साध्या पाण्याने चूळ भरा. ब्रश अर्ध्या-एक तासाने, तोही हलक्या हाताने.

डॉक्टर मधुमेहींना सांगतात, हेही खरं. पण ते रक्तातल्या साखरेबद्दल बोलत असतात आणि साखरेच्या डब्याच्या तुलनेत बोलत असतात. दातांचं प्रमाणपत्र त्यांनी दिलेलं नसतं. उलट साखर वाढलेली असली की तोंड कोरडं पडतं, काही औषधांनीही पडतं. लाळ कमी म्हणजे वर सांगितलेली सगळी राखणच कमी. ज्याला हा मेसेज सगळ्यात सोयीचा वाटतो, त्यालाच तो सगळ्यात महागात पडू शकतो.

दादाला मधुमेह नाही, पण रात्री नऊ ते एक त्याचे अमेरिकेचे कॉल असतात आणि लॅपटॉपशेजारी डाएटचा डबा. दर दहा मिनिटांनी एक घोट म्हटलं तरी चोवीस घोट झाले. शेवटचा घोट घेऊन तो झोपतो, आणि झोपेत लाळ जवळजवळ थांबते. दिवाळीत त्याने जांभई दिली तेव्हा मी पाहिलं होतं: वरच्या पुढच्या दातांच्या कडा काचेसारख्या आरपार दिसत होत्या आणि दाढेतलं जुनं फिलिंग दातापेक्षा किंचित वर आलं होतं. फिलिंग वाढत नाही, भोवतालचा दात खाली जातो.

मी हे सगळं ग्रुपवर लिहिलं. दादाने विचारलं, “आणि स्ट्रॉने प्यायलं तर?”

चालेल, पण स्ट्रॉ जिभेवर मागे न्यायची. पुढच्या दातांवर धार सोडली तर काही उपयोग नाही. आणि डबा जेवताना उघडायचा, ताटावरून उठेपर्यंत संपवायचा.

“मग कॉलवर काय पिऊ?”

याचं उत्तर काकूने दिलं: “माठ ठेवलाय ना ओट्यावर.”