चारशे आंबे म्हणजे एक माणूस

तुमच्या गावाजवळ विमानतळ झाला असेल तर अभिनंदन. आज ना उद्या कुणीतरी विचारणार, तो कार्यक्षम आहे का, त्याची उत्पादकता किती, देशात कितवा नंबर. तुम्हाला एखाद्या कमिटीवरही घेतील. घाबरू नका. मी मे महिन्यात अशाच एका विमानतळावर सलग साडेपाच तास बसून या विषयाचा सखोल अभ्यास केला आहे. सोबत माझी आते होती. वय अठ्ठ्याहत्तर, एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला मुंबईत डॉक्टरांची वेळ. विमानतळाचं नाव सांगत नाही, विमान कंपनीचं तर नाहीच. पहिला नंबर आणायचा म्हणजे काय करायचं, तेवढं ऐका.

आधी माणसं कमी दाखवा. दर कर्मचाऱ्यामागे किती प्रवासी, हा सगळ्यात जुना हिशेब. दारावर आधार कार्ड बघणारा जवान सुरक्षा दलाचा. बॅगा चढवणारा पोरगा ठेकेदाराचा. फरशी पुसणारी बाई दुसऱ्या ठेकेदाराची, पार्किंगची पावती फाडणारा तिसऱ्याचा. मग तुमच्या पगारपत्रकावर उरलं कोण? साहेब आणि साहेबांचा शिपाई. सगळं काम बाहेर देऊन टाका, उत्पादकता रातोरात चौपट. बाई तीच, फरशी तीच, फडकाही तोच.

नंतर माप ठरवा. माणसं वेगळी मोजा, माल वेगळा मोजा, ही कटकट जगाने कधीच मिटवली आहे. त्याला वर्कलोड युनिट म्हणतात. एक प्रवासी त्याच्या सामानासकट, किंवा शंभर किलो माल, दोन्हींची किंमत एकच. अडीचशे ग्रॅमचा हापूस धरला तर चारशे आंबे म्हणजे एक माणूस. माझी आते कपड्यांनिशी बेचाळीस किलो भरते, पण हिशेबात ती चारशे आंब्यांच्या तोलाची. आंब्याला फक्त एक फायदा जास्त आहे. तो खोळंबला तर पिकतो, आणखी खोळंबला तर वास मारतो, मग कुणीतरी फोन करतं, कुणीतरी धावत येतं. माणूस साडेपाच तासांत वास मारत नाही.

विद्यापीठातला कुणी हुशार माणूस कमिटीवर आलाच तर तो डेटा एन्व्हलपमेंट अॅनालिसिस काढेल. दचकू नका, ती तुमच्याच फायद्याची आहे. १९७८ साली चार्न्स, कूपर आणि ऱ्होड्स या तिघांनी मांडलेली ही पद्धत, १९९७ मध्ये गिलेन आणि लाल यांनी अमेरिकेतल्या एकवीस विमानतळांना लावली. एका बाजूला काय घातलं ते लिहायचं: धावपट्ट्या, गेट, टर्मिनलची जागा, कर्मचारी. दुसऱ्या बाजूला काय निघालं ते: प्रवासी, विमानं, माल. कमीत कमी घालून जास्तीत जास्त काढणाऱ्यांची एक सीमारेषा आखायची. जो रेषेवर त्याला एकपैकी एक गुण, जो खाली त्याला पॉइंट सहा, पॉइंट सात. यात मेख अशी की कशाला किती वजन द्यायचं हे गणित प्रत्येक विमानतळाच्या सोयीने ठरवतं. म्हणजे पोराला विचारायचं, बाबा रे, तुझा कुठला विषय बरा आहे, चित्रकला? ठीक आहे, मग चित्रकलेचेच मार्क धरू. त्यातून विमानतळ थोडे आणि मोजमापं भरपूर घेतली, तर जवळजवळ सगळेच पहिले येतात. पद्धत वाईट आहे असं मी म्हणत नाही. उशीर हाही विमानतळातून निघालेला मालच, वाईट माल, म्हणून त्याचे गुण कापा, असं म्हणणारे अभ्यासकही या विषयात आहेत. त्यांना कमिटीवर घेऊ नका.

मुंबईशी तुलना टाळा. तिथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी जवळपास एकच वापरता येते, तरी दिवसाला नऊशेच्या वर विमानं चढतात-उतरतात. आपल्याकडेही धावपट्टी एक. त्या दुपारी तिच्यावर एक टिटवी चालत होती. आते काचेतून बराच वेळ तिच्याकडे बघत बसली.

पावसाळ्याचे चार महिने सरासरीतून काढून टाका.

हे जरा उलगडून सांगतो, कारण कमिटीत घाटावरचं कुणी असलं तर विचारेल. कोकणात सपाट जमीन म्हणजे सडा, म्हणून विमानतळ सड्यावर. आणि आषाढात ढग कुठे बसतो? सड्यावर. पायलटला धावपट्टी डोळ्यांनी शोधून उतरायचं असेल तर पाच किलोमीटरपर्यंतचं दिसावं लागतं. रेडिओ लहरींनी धावपट्टीची वाट दाखवणारी आयएलएस यंत्रणा असली की साध्यातल्या साध्या प्रकारातही साडेपाचशे मीटरवर भागतं. तेव्हा ती यंत्रणा आधी बसवायची की आधी फीत कापायची, असा प्रश्न आला तर फीत कापा. आम्ही गेलो त्या दिवशी मात्र आभाळ इतकं स्वच्छ होतं की पावसावरसुद्धा ढकलायची सोय नव्हती.

उशीर म्हणजे तोटा, हा समज आधी डोक्यातून काढा. विमानतळाला विमानांपासून मिळतं ते एक उत्पन्न, आणि दुकानं, पार्किंग, जाहिराती यांतून मिळतं ते दुसरं, बिगर-हवाई. विमान वेळेवर आलं तर माणूस आत येतो, तपासणी करतो, निघून जातो. दोन तास खोळंबला की चहा घेतो. चार तास खोळंबला की समोसा घेतो. मी त्या दिवशी चहावर चारशे वीस रुपये घातले, तीन कप, साखर वेगळी पुडीत. आतेने पहिल्या कपाचा दर ऐकला आणि नंतर दुपारभर पिशवीतल्या बाटलीतलं घरचं पाणी प्यायली. दर प्रवाशामागचं उत्पन्न पडलं ते तिच्यामुळे. कोलकात्याच्या विमानतळावर डिसेंबर २०२४ मध्ये दहा रुपयांत चहा देणारं उडान यात्री कॅफे काढलं. असल्या गोष्टींनी उत्पादकतेचं वाटोळं होतं.

मार्ग मोजायचे ते सुरू झालेले. टिकलेले मोजायला गेलात तर सरकारचे हिशेब तपासणाऱ्या कॅगसारखं होतं. २०२३ च्या अहवालात त्यांनी लिहून ठेवलं की छोट्या गावांना विमानाने जोडणाऱ्या सरकारी उडान योजनेच्या तिसऱ्या टप्प्यापर्यंत ७७४ मार्ग दिले, त्यांतले ४०३ सुरूच झाले नाहीत. सुरू झालेल्या ३७१ पैकी तीन वर्षं पूर्ण केली ११२ मार्गांनी, आणि त्यानंतरही मार्च २०२३ मध्ये चालू होते ५४. तीन वर्षंच का, तर अनुदान तीन वर्षंच मिळतं. हवाई चप्पल घालणाराही विमानाने जाईल, या घोषणेचं पुढे काय झालं ते विचारू नका. आते त्या दिवशी हवाई चपलाच घालून आली होती.

आता मुख्य विषय, वेळ. ठरलेल्या वेळेनंतर पंधरा मिनिटांत विमान हललं तर ते वेळेवर, असा जगभरचा संकेत आहे. हललं म्हणजे उडालं नव्हे हां, जागेवरून सुटलं. वेळापत्रकात मुळातच वीस-पंचवीस मिनिटं जास्तीची घालून ठेवायची, की उशिरा निघूनही लवकर पोचता येतं. एवढं करूनही जमत नसेल तर रामबाण उपाय आहे: रद्द करा. वेळेचं प्रमाण काढतात ते उडालेल्या विमानांचं. रद्द झालेलं विमान उशिराच्या खात्यात जात नाही, त्याचा रकाना वेगळा. पाच तास उशिरा गेलं तर डाग लागतो, गेलंच नाही तर त्या रकान्यापुरती पाटी कोरी! आणि विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या डीजीसीएचे वेळेचे मासिक आकडे येतात ते महानगरांतल्या मोठ्या विमानतळांचे. विमानतळांचे दर ठरवणाऱ्या ‘एरा’च्या लेखी तर वर्षाला पस्तीस लाख प्रवासी झाल्याशिवाय तुम्ही मोठे विमानतळच नाही. म्हणजे तुमच्याकडे वरून बघणारा कोणी नाही, खालून बघणारी माझी आते.

आम्ही घरातून निघालो सकाळी साडेआठला. आमच्या वाडीतून मुख्य रस्त्यापर्यंत रिक्षा, तिथून गाडी, अठराशे रुपये. अकराला आत. विमान एक दहाचं. साडेबाराला मेसेज, दोन पाच. दीडला मेसेज, साडेतीन. काउंटरवरच्या मुलाला विचारलं तर म्हणाला, येणारं विमान निघालंय. तासाने विचारलं तर म्हणाला, निघतंय. निघालेलं विमान तासाभराने निघतंय कसं होतं? त्यालाही माहीत नव्हतं. तीन पन्नासला घोषणा झाली, आधी इंग्रजीत, मग हिंदीत. मराठीत झालीच नाही. आतेने मला विचारलं, “काय म्हणतत रे?” मी सांगितलं. “इमान येवचाच नाय? मगे सकाळीच कित्याक नाय सांगूक?” 

कारण काय, तर ऑपरेशनल. पैसे परत मिळतील, पाच ते सात दिवसांत. भरपाई विचारली तर नियम दाखवला: तासाभराच्या उड्डाणाला पाच हजार किंवा मूळ भाडं अधिक इंधनाचा आकार, यातलं जे कमी ते, आणि असाधारण परिस्थिती असेल तर तेही नाही. मग ही परिस्थिती असाधारण आहे का, विचारलं. म्हणाला, ते वरून ठरेल. दर आठवड्याला घडतं ते असाधारण कसं रे? परतीची गाडी पुन्हा अठराशे. संध्याकाळी सातला घरी. तोंडावर पाणी मारून साडेआठच्या खासगी बसमध्ये. आतेला खिडकीची सीट मिळाली, पण अशी की सांगताना ड्रायव्हरलाच लाज वाटत होती. महामार्गाबद्दल इथे लिहीत नाही. २०११ पासून बोलून तोंड दुखलं. सकाळी साडेअकराला आम्ही मुंबईत. डॉक्टर ऑपरेशनला गेलेले. तारीख मिळाली पंधरा दिवसांनंतरची.

एक तासाचा प्रवास, सत्तावीस तास. हे कुठल्या तक्त्यात धरलंय? दाखवा मला. प्रति कर्मचारी, प्रति चौरस मीटर, प्रति धावपट्टी, सगळं आहे. प्रति म्हातारी कुठे आहे?

आणि आता ती टॅबवाली मुलगी. हिच्याशिवाय अभ्यास पुरा होत नाही. समाधान मोजायचं असतं ना! विमानतळांची जागतिक संघटना एसीआय २००६ पासून असं सर्वेक्षण चालवते, त्यात प्रवाशाला त्याच दिवशी, विमानतळावरच गाठून विचारतात. आमच्याकडेही कुणीतरी त्याची नक्कल केलेली असणार. दोन चाळीसला, म्हणजे घोषणेच्या सत्तर मिनिटं आधी, एकवीस-बावीस वर्षांची मुलगी आली. टॅबवर पाच तोंडं, लाल रडक्यापासून हिरव्या हसऱ्यापर्यंत. स्वच्छता कशी, कर्मचारी सौजन्याने वागले का, बसायची सोय कशी. विमान आलं का, हा प्रश्न नव्हता. मी तोंड फिरवलं. ती आतेसमोर गुडघ्यावर बसली. आतेने एका डोळ्याने ती तोंडं नीट बघितली, बोट पदराला पुसलं, आणि एकामागून एक सात हिरवी तोंडं दाबली. मी चिडलो. आते म्हणाली, “अरे, पोरीक तिचो सायब बोलतलो मां. तिना काय केल्यान?”

तर साहेब, पुरे झालं आता. तुमच्या त्या वर्षाच्या अहवालात जे सात हिरवे ठिपके आहेत ते माझ्या आतेचे आहेत, आणि ते तुम्हाला दिलेले नाहीत. त्या पोरीला दिलेत. तुमची इमारत चकचकीत आहे म्हणून तुम्ही कार्यक्षम नाही. लोकांनी बागा दिल्या, काजूची कलमं दिली, सडे दिले, ते टिटवीला फिरायला नाही दिले. विमान येणार नसेल तर सकाळी आठला सांगायला काय जातं तुमचं? एक मेसेज. तुम्हाला सकाळी माहीत होतं, मला खात्री आहे, आणि तरी एका म्हाताऱ्या बाईला दिवसभर काचेसमोर बसवून ठेवलंत, कारण ती बसली तरी तुमच्या कुठल्याच रकान्यात काही बिघडत नाही. रकाना नाही म्हणून लाज नाही, असं असतं का? महिन्यात किती विमानं ठरली, किती आली, तेवढे दोन आकडे दारावर खडूने लिहा. मराठीत लिहा. त्याला अमेरिकेतलं गणित लागत नाही.

आणि समाधान मोजायचंच असेल तर टॅब घेऊन घरी या. आते संध्याकाळी पडवीतच असते, डोळ्यात थेंब घालून. तेव्हा कुठलं तोंड दाबते ते बघा. फक्त येताना तुमच्या विमानाने या.