कूलरसमोरची कानस

जळगावात लोखंड गंजतं म्हटलं की पुण्या-मुंबईचे पाहुणे हसतात. गंज म्हणजे कोकणचा रोग, तुमच्याकडे फार तर लोखंड भाजून निघेल, असं त्यांचं मत. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, दुपारच्या हवेत ओल नावालाच असते, आणि गंजाला जोर धरायला साधारण ६० टक्क्यांवर आर्द्रता लागते. हिशेब त्यांच्याच बाजूने आहे. त्यात फक्त कूलर धरलेला नाही.

खान्देशातलं घर उन्हाळ्यात कूलरवर चालतं. होळी झाली की त्याच्या जाळ्या बदलायच्या, टाकीत बोअरचं पाणी ओतायचं, की झालं: बाहेर वाळवंट, आत रत्नागिरी. बिबड्या सादळतात, मीठ बरणीला धरून बसतं, वर्तमानपत्र दुपारपर्यंत मऊ पडतं. तक्रार मात्र कुणी करत नाही, कारण कूलर बंद केला तर तक्रार करायला घरात कुणी शुद्धीवर राहणार नाही. त्यातून बोअरचं पाणी क्षारांचं. ते उडून जिथे जिथे बसतं तिथे पांढरे डाग पाडतं आणि लोखंडावर बसलं तर तांबडे.

या कूलरच्या अगदी तोंडासमोर जो खण आहे, त्यात आमच्याकडची धार लावायची हत्यारं राहतात. एक चपटी कानस, सुऱ्यांसाठी पोलादी सळई, एका बाजूने खरखरीत नि दुसऱ्या बाजूने बारीक असा दगड, आणि भाच्याने पुण्याहून पाठवलेली डायमंड प्लेट. खणाची जागा मी निवडलेली नाही. घरात कशाची जागा कुठे, हे खातं माझ्याकडे नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात अमळनेरहून मावशी आली, सोबत पोतंभर कैऱ्या. लोणच्याच्या कैऱ्या घरीच फोडायच्या, हा तिचा शिरस्ता. कोयता बोथट होता म्हणून खण उघडला, तर कानस वीटकरी, सळईवर देवी आल्यासारखे ठिपके, दगडावरसुद्धा लाल डाग.

"हाई काय शे रे भाऊ?" मावशी म्हणाली.

मी शाळेत विज्ञान शिकवलं आहे, त्यामुळे घरात माझं कुणी ऐकत नाही. तरी सांगितलं की दगड गंजत नाही. धार लावताना पात्याची जी पूड निघते ती त्याच्या भोकांत बसते, आणि गंजते ती पूड. वापरल्यावर ब्रशने घासून, धुऊन, कोरडा करून ठेवला की दगड नवा. "मग ठेवला का नाही?" हा प्रश्न बायकोने स्वयंपाकघरातून विचारला. तिथून तिला सगळं ऐकू येतं. फक्त कुकरच्या शिट्ट्या मोजायला मला बसावं लागतं.

तेवढ्यात शेजारचे अण्णा आले. भुसावळला रेल्वेत फिटर होते. त्यांच्या लेखी जगातल्या सगळ्या दुखण्यांवर एकच औषध, रॉकेल. ते आता मिळत नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा जवळचं माणूस गेल्यासारखा झाला. मग डिझेलवर तडजोड झाली. सळईला डिझेलचं फडकं लावून बारीक स्टीलवूल हलक्या हाताने फिरवायची. पॉलिश पेपर घासायचा नाही, तिच्या अंगावरच्या बारीक रेघा जातात आणि मग ती लाटणं म्हणूनही उपयोगाची नाही. हे अण्णांचं मात्र सोळा आणे खरं.

कानशीसाठी बायकोने नूडल्सचा व्हिनेगर दिला, तोही दोनदा विचारून. त्यात कानस बुडवली की बारीक बुडबुडे निघतात, तासा-दोन तासांत गंज सैल होतो. मग तारेचा ब्रश, पण दातांच्या रेघेने. आडवा ओढला की दातांच्या खाचांतलं काही निघत नाही. भाच्याची प्लेट मी मुद्दाम लांब ठेवली. तिच्यावर हिऱ्यांची भुकटी निकेलच्या थराने धरलेली असते, आम्लात भिजवत ठेवली तर तो थरच खराब व्हायचा. तिला साबण, जुना टूथब्रश आणि लगेच कोरडं फडकं, बस.

कानशीतलं आम्ल मारायला खायच्या सोड्याच्या पाण्यात बुडवली, साध्या पाण्याने धुतली आणि गच्चीवर नेली. इथे मात्र खान्देशासारखा प्रदेश नाही. फरशीवर ठेवली आणि पुसायला फडकं शोधेपर्यंत ती अशी कोरडी, की चिमट्याने उचलावी लागली. ज्या उन्हापायी कूलर लावायचा आणि कूलरपायी गंज चढवून घ्यायचा, तेच ऊन गंज काढायला फुकट हजर. आता फक्त वरून काय लावायचं एवढंच राहिलं होतं.

"शेंगदाण्याचं तेल," मावशी म्हणाली.

ज्या अमळनेरात १९४५ साली वनस्पती तुपाचा कारखाना निघाला आणि त्याचीच पुढे विप्रो झाली, त्या गावच्या बाईला तेलाबद्दल शिकवणारा मी कोण? तरी धाडस केलं. खायचं तेल हवेत राहून चिकट होतं. तुझ्याच तेलाच्या बरणीचं बूड बघ. कानशीच्या दातांत ते बसलं की त्यात पूड अडकते, आणि कानस नुसती घसरते. तिला खडू घासायचा. तो ओल धरतो आणि दातांत पूडही बसू देत नाही. सळईला शिलाई मशीनचं तेल, अगदी थेंबभर. बुटांच्या खोक्यातल्या 'खाऊ नका' लिहिलेल्या पुड्या खणात टाकायच्या, आणि खण कूलरसमोरून हलवायचा. मावशी सगळं शांतपणे ऐकत होती. मला वाटलं, पटलं.

कोयत्याला धार लावली. अंगठ्याने तपासून अण्णा "वा!" म्हणाले. कोयता घेऊन स्वयंपाकघरात गेलो तर परातीत कैरीच्या फोडी, त्यांना हळद-मीठसुद्धा लागलेलं. मी गच्चीवर असताना बायकोने पोतं बाजारात नेलं होतं. तिथे मोठ्या अडकित्त्यावर किलोच्या भावाने फोडून देतात.

"तुमचं आटपलं का?" ती म्हणाली. "मग तो खण बंद करा, मावशींनी आत्ताच सगळ्याला तेल लावून ठेवलंय."