लाक्षागृहातली निषादी कुणी घुसडलेली नाही

परत एकदा तो मेसेज आलाय. म्हणे महाकाव्यांत वनवासी बायकांना मानच होता, रामाने शबरीची उष्टी बोरं नाही का खाल्ली, अन्याय वगैरे सगळं हल्लीच्या लेखिकांनी घुसडलंय आणि इकोफेमिनिझम (बाईवरचा आणि निसर्गावरचा अन्याय एकत्र बघणारा विचार) हा तर परदेशी चष्मा.

बोरांचंच आधी घ्या. वाल्मीकी रामायणात उष्टी बोरं नाहीतच! शबरी म्हणते, पंपेच्या काठचं रानातलं बरंच काही तुझ्यासाठी साठवून ठेवलंय, आणि मग मतंगवन दाखवते. चाखून देणं नंतरच्या कथांतून आलं. म्हणजे यांचा लाडका पुरावाच मुळात रिटेलिंग निघाला (मला आवडते ती गोष्ट, ते सोडा).

आता घुसडण्याचं. महाभारताचं आदिपर्व उघडा. कुंतीने घातलेल्या जेवणाला एक निषादी, म्हणजे रानातल्या निषाद जमातीची बाई, पाच पोरांना घेऊन येते, सगळे दारू पिऊन तिथेच पडतात, भीम रात्री त्या लाक्षागृहाला आग लावतो आणि सकाळी गाव ते सहा जळालेले देह बघून कुंती नि पांडव गेले म्हणून रडतं. तिला नावसुद्धा नाही. बंगाली लेखिका महाश्वेता देवींनी त्यांच्या कथेत एवढंच केलं की तिची सून म्हाताऱ्या कुंतीपुढे रानात उभी केली, आणि वणवा येतोय हे त्या रानातल्या लोकांना आधी कळतं, कुंतीला नाही. कुंतीचं वणव्यात मरणं पण मूळचंच, आश्रमवासिक पर्वात आहे.

चष्म्याचं म्हणाल तर इकोफेमिनिझम हा शब्द फ्रेंच, १९७४ चा, मान्य. पण इरावतीबाई कर्व्यांचं महाभारतावरचं 'युगान्त' १९६७ चं, त्यात खांडववन जाळणं म्हणजे जमिनीसाठी रान आणि रानात राहणारे जाळणं हे स्पष्ट आहे. तिथे तक्षक नागाची बायको पोराला गिळून वर उडाली नि अर्जुनाने तिचं डोकं उडवलं, हे व्यासांनीच लिहिलंय. आणि वैर नसताना दंडकारण्यातल्या राक्षसांना मारू नकोस, हे रामाला सांगणारी सीता वाल्मीकींची.

मेसेजवाल्यांनी एक मुद्दा काढला असता तर मी गप्प बसले असते. राक्षस, नाग, निषाद म्हणजे सरसकट आजचे आदिवासी, असं नाही म्हणता येत. आणि काही रिटेलिंगमधे रानातली प्रत्येक बाई धरणीमाताच असते, ते वाचताना मलाही कंटाळा येतो. मूळ महाभारतातली हिडिंबा तशी नाही, बघा की, तिला भीम आवडला म्हणून ती सरळ कुंतीकडे जाऊन मागते.