कॅन्ससच्या माळावर आडोसा

चूक माझीच. इथे अमेरिकेत, ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत शिकारीचा विषय निघाला आणि कोल्हापूरच्या माणसाला अशा वेळी गप्प बसणं जमत नाही, म्हणून बोलून गेलो की आमच्या आजोबांकडेपण बंदूक होती. खोटं नाही हे. ठासणीची होती, रानडुकरं उसात शिरू नयेत म्हणून, आणि माझ्या माहितीत ती एकदाच वाजली, दसऱ्याला, तेव्हा डुक्कर पडलं नाही पण शेजारच्यांची म्हैस दोन दिवस आटली. एवढा तपशील मी टेबलावर सांगितला नाही. वर जोडून सांगितलं ते हे की कोल्हापूर संस्थानात चित्ते पाळून त्यांच्याकडून माळावर काळविटांची शिकार करायचे. हेही खरंच आहे, पण मी ते अशा थाटात सांगितलं की जणू एखादा चित्ता आमच्याच परड्यात बांधलेला असायचा.

समोर बसलेला सहकारी ऐकत होता. साठीच्या पुढचा, पोट पुढे, टोपी डोळ्यांवर, बोलणं कमी पण शब्दाला वजन, म्हणून मी त्याला मनात पाटील म्हणतो, त्याला माहीत नाही. पाटील म्हणाला, "मग शनिवारी चल. नवीन जागा बघायचीय." बघायचीय म्हणजे नुसतं बघायचंच. व्हाइटटेल हरणांचा बंदुकीचा सीझन इथे थँक्सगिव्हिंगच्या सणानंतर, म्हणजे नोव्हेंबरअखेरीला लागतो, पण शहाणा माणूस ऑगस्टातच जागा हेरून ठेवतो, त्याला स्काउटिंग म्हणायचं. मला वाटलं बघायचं तर आहे, त्यात काय मोठं, राधानगरीला गवे बघायला जातो तसं.

विचिटाहून पहाटे चारला निघालो ते दीड तासाने मेडिसिन लॉज गावाच्या पुढे. या भागाला जिप हिल्स म्हणतात. माती लालभडक, टेकाडांच्या माथ्यावर जिप्समचा पांढरा थर, उजाडल्यावर पहिल्यांदा बघितलं तेव्हा वाटलं आता पुढच्या वळणावर रत्नागिरीचा फाटा येणार. फाटा आला नाही. काहीच आलं नाही. टपरी नाही, माणूस नाही, एसटीचा थांबा नाही, नुसतं गवत आणि त्याच्यावर उपडं घातलेलं आभाळ. मधूनमधून सीडारच्या झाडांची जळकी खोडं उभी, 2016 च्या मार्चमध्ये इथे वणवा लागला होता तो साडेतीन लाख एकरांच्या वर पसरला, त्याची आठवण.

पाटलाच्या फोनवर एक अ‍ॅप आहे, कुठल्याही जमिनीवर बोट ठेवलं की मालकाचं नाव येतं, म्हणजे थोडक्यात चालताबोलता सातबारा. इथे जमिनीची मापं चौरस मैलात, एका चौरस मैलाला सेक्शन म्हणतात, 640 एकर. आणि असे दोन-तीन सेक्शन एकाच माणसाचे. आमच्याकडे अडीच गुंठ्याच्या बांधावरून दोन चुलतभाऊ तीस वर्षं बोलत नाहीयेत, त्यामुळे मला जरा गरगरलं. कुंपणाच्या खांबाला जांभळा रंग दिसला तर आत पाय टाकायचा नाही, मालकाची लेखी परवानगी पाहिजे. पाटलाने मालकाला आधीच भेटून कागद घेतला होता. मालकाची अट एकच, गेट उघडलं की लावायचं.

आता गेट. मला वाटलं फाटक असेल. फाटक नसतं, काटेरी तारांचंच कुंपण असतं, त्याचा शेवटचा दांडा खाली एका तारेच्या फासात आणि वर दुसऱ्या फासात अडकवलेला. आणि नियम असा की गेट उघडायचं-लावायचं काम बाजूच्या सीटवरच्याचं. उघडायला सोपं, फास काढला की सगळं कुंपण साष्टांग दंडवत घालतं. लावताना मात्र दांडा खालच्या फासात घालायचा, मग मुख्य खांबाला बऱ्याच वर्षांनी भेटलेल्या भावासारखी मिठी मारायची, खांद्याने रेटायचं आणि दांडा जवळ आला की वरचा फास चढवायचा. माझा फास दोन बोटं कमी पडत होता. दहा मिनिटं मी त्या खांबाला मिठी मारून उभा, काळ्या अँगस गाई अर्धगोल करून बघतायत, आणि पाटील ट्रकमध्ये शांतपणे कॉफी पितोय. असे गेट तीन.

मग एका उंचवट्यावर ट्रक थांबवून दुर्बिणी काढल्या. पहाटे आणि तिन्हीसांजेला हरणं चरायला निघतात, ती लांबूनच बघायची, जवळ जायचं नाही, बिथरली तर जागा सोडतात. पाच मिनिटांत मला दिसलंच की! लांब टेकाडाच्या कडेला, मान खाली घालतंय, वर करतंय, खाली घालतंय, अगदी निवांत. मी पाटलाचा दंड धरला. त्याने बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि म्हणाला, "तो तेलाचा पंप आहे." मी म्हटलं लांबून वाटतं तसं. तो म्हणाला, "चाळीस फूट उंच हरण असेल तर मला आत्ताच सांग, मला मोठी बंदूक घ्यावी लागेल."

मोकळ्या माळाची हीच गंमत आहे. आंबोलीच्या जंगलात निदान कळतं की झाडीत काहीतरी लपलेलं असणार. इथे सगळंच समोर दिसतंय, त्यामुळे वाटतं आहे ते एवढंच.

ऊन वर आल्यावर पायी निघालो. निघायच्या आधी पाटलाने एक छोटी बाटली दाबली, पांढरी पावडर भुर्रकन उत्तरेकडे गेली. वारा दक्षिणेचा, म्हणजे आपण उत्तरेकडून जायचं, म्हणजे आपला वास हरणाला लागत नाही. तो स्वतः बिनवासाच्या साबणाने अंघोळ करून आला होता, कपडे वेगळ्या डब्यात. मग तो माझ्याजवळ आला आणि नाक आक्रसून म्हणाला, "हे काय आहे?" हे म्हणजे माझं विंडचीटर. ते सहा वर्षं आमच्या स्वयंपाकघराच्या दाराशी लटकतंय, त्यात हिंग आहे, लसूण आहे, बायको मालवणची असल्याने रविवारचं सुकट आहे. मी म्हटलं, फोडणी. आणि ही जीन्स? तो म्हणाला. हरणाला भगवा रंग नीट कळत नाही पण निळा चांगला दिसतो. म्हणजे मी त्या अख्ख्या माळावर निळा, फोडणीचा वास येणारा एकमेव प्राणी होतो.

दोन तास चाललो. पाटील मधेच बसायचा, तारेखाली अडकलेले दोन-चार तांबूस केस बोटांनी सोडवायचा, हरीण इथून कुंपणाखालून जातं म्हणायचा. सीडारच्या खोडावर गेल्या वर्षीची शिंगं घासल्याची खूण दाखवायचा. मला मात्र एव्हाना एकच गोष्ट दिसत होती, ती म्हणजे आडोसा. पहाटेपासून तीन कप कॉफी, वरून बायकोने दिलेली ताकाची बाटली. आणि माळावर आडोसा नाही. कमरेएवढं गवत, त्यात माणूस बसला तरी टोपी वर तरंगते, आणि उभं राहायचं तर शेजारच्या ओक्लाहोमा राज्यापर्यंत दिसेल.

शेवटी मला एक ओघळ दिसली, तिच्या तोंडाशी जंगली प्लमची जाळी, थेट आपल्या करवंदांच्या जाळीसारखी. पाटलाला म्हटलं आलोच. त्याला दिसू नये म्हणून वाकून, ओघळीच्या तळातून, पावलाचा आवाज न करता, अक्षरशः चोरासारखा गेलो. जाळीच्या मागे पोचलो, हुश्श केलं, आणि तेवढ्यात दहा पावलांवरचं गवत उभं राहिलं.

बक होता, म्हणजे नर हरीण. वाढत्या शिंगांवर अजून मखमली कातडी, चांगली जाड, उन्हात कडेने लालसर चमकत होती, आणि नाकपुड्या माझ्या दिशेने. हिंग पोचला असणार. त्याने "फुर्र" करून असा काही आवाज काढला की घाटात ट्रकचा एअरब्रेक सुटावा, शेपटी ताडकन वर, खालचा पांढरा रुमाल हलवत तीन उड्यांत टेकाडापलीकडे. मी कोणत्या अवस्थेत होतो ते विचारू नका, पळण्याच्या नव्हतो.

पाटील धावत आला. मला वाटलं माझ्यासाठी आला. माझ्याकडे न बघता तो गुडघ्यावर बसला आणि गवतात उमटलेल्या लांबुळक्या खळग्यावर हात ठेवला. म्हणाला, "गरम आहे." शेजारी अजून तीन खळगे. मागून येणारा वारा सगळा वास आणून देतो, पुढचं डोळ्यांना दिसतं, डोक्यावर जाळीची सावली. मीपण तिथे बसून बघितलं. समोर, लांबवर, आमचा ट्रक लख्ख दिसत होता. तिसरं गेटसुद्धा. म्हणजे मी खांबाला मारलेली मिठी त्या बकाने झोपल्या जागेवरून सावकाश बघितलेली.

घरी आल्यावर बायकोने टॉर्च घेऊन तपासणी केली, पोटरीवर एक गोचीड चढत होती, पाठीवर एकच पांढरा ठिपका. नेटवर बघितलं तर लोन स्टार टिक, हिच्या चाव्याने काही लोकांना सस्तन प्राण्यांच्या मांसाचीच अ‍ॅलर्जी येते. मी विचारलं, म्हणजे मटण? ती म्हणाली, "मटणच. मासे चालतात," आणि मला तिच्या आवाजात जरा जास्तच आनंद वाटला. गोचीड चावली नव्हती, नुसती चढत होती, तरी पुढचे चार रविवार तांबडा रस्सा ओरपल्यावर घड्याळ समोर ठेवून बसलो, कारण त्रास म्हणे काही तासांनी होतो.

सोमवारी पाटलाने फोन दाखवला. नकाशावर त्या जाळीच्या जागी खूण आणि त्याला माझं नाव दिलेलं, पुढे "टॉयलेट". म्हणाला, डिसेंबरात मी खाली दबा धरून बसतो, तू वाऱ्याच्या वरच्या बाजूने नुसता चालत ये, बाकी काही करू नकोस. म्हणजे हाकारा. कोल्हापूरच्या शिकारीत ढोल-डबे वाजवणारी माणसं लागायची, इथे माझं एक विंडचीटर पुरणार आहे. बायकोला सांगून ठेवलंय, ते तोपर्यंत धुवायचं नाही.