मानसशास्त्र घेऊ नका, असं सांगणाऱ्यांना

अकरावीचे प्रवेश सुरू झाले की पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक मजकूर हमखास फिरतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: मानसशास्त्र हा पाठांतराचा सोपा विषय आहे, त्यात शिकवतात ते शहाण्या माणसाला तसंही कळतं, पुढे नोकरी नाही, आणि मुलं ते वाचून स्वतःतच आजार शोधू लागतात. यावर विसंबून घराघरांत निर्णय होतात, म्हणून प्रत्येक मुद्दा तपासायला हवा.

‘हे तर आम्हालाही कळतं’ हा त्यातला सर्वांत पटणारा मुद्दा. तोच आधी घेते. अभ्यास पक्का कसा होतो, असं बारावीच्या मुलाला विचारा. धडा पुन्हा पुन्हा वाचून, असंच तो सांगेल. रोडिगर आणि कार्पिक या संशोधकांनी २००६ मध्ये हे तपासलेलं आहे. काही विद्यार्थ्यांनी उतारा परत परत वाचला; काहींनी वाचून झाल्यावर तो बाजूला ठेवला आणि आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत वाचणारे सरस ठरले. आठवड्यानंतरच्या चाचणीत मात्र लिहिणारे पुढे गेले. विशेष म्हणजे, आपल्याला जास्त लक्षात राहील असा भरवसा वाचणाऱ्यांनाच अधिक होता.

किंवा दुसरं पाहा. आजूबाजूला माणसं असली की मदत लवकर मिळते, असं आपण धरून चालतो. लाताने आणि डार्ली यांच्या १९६८च्या प्रयोगात खोलीत धूर सोडला होता. एकट्या बसलेल्यांपैकी ७५ टक्के लोकांनी बाहेर जाऊन कळवलं. तिघे एकत्र बसले होते, तिथे फक्त ३८ टक्के गटांतून कुणीतरी उठलं. बाकीचे एकमेकांचे शांत चेहरे बघत बसून राहिले. ज्याला आपण व्यवहारज्ञान म्हणतो ते असं उघडं पडतं, आणि सतराव्या वर्षी हे शिकायला मिळणं मला फार मोलाचं वाटतं.

नोकरीचं म्हणाल तर नुसत्या बारावीवर ती कोणत्या शाखेत मिळते? चिकित्सा मानसशास्त्रज्ञ व्हायला पदवी, पदव्युत्तर शिक्षण, त्यापुढचं प्रशिक्षण आणि भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. वाट लांब आहे, हे मुलांना आधीच सांगावं. पण गरज किती आहे तेही सांगावं: २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात वेगवेगळ्या विकारांमध्ये ७० ते ९२ टक्के लोक उपचारांविना असल्याचं आढळलं होतं.

आजार शोधण्याची भीती मी उडवून लावणार नाही. लक्षणांची यादी वाचली की ती आपल्याला लागू पडतेय असं वाटतंच. पण ‘डिप्रेशन’, ‘ओसीडी’, ‘ट्रॉमा’ हे शब्द मुलांपर्यंत रील्समधून कधीच पोहोचलेत, तेही विनामर्यादा. वर्गात त्या शब्दांना मर्यादा मिळते. उदास वाटणं वेगळं आणि नैराश्याचा विकार वेगळा. त्याच्या निदानासाठी किमान दोन आठवडे टिकलेली लक्षणं आणि रोजच्या जगण्यात आलेला अडथळा पाहतात, आणि ते निदान तज्ज्ञानेच करायचं असतं. ज्याला खरंच त्रास होतोय त्या मुलाला १४४१६ हा ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा क्रमांक वर्गात कळला, तर त्यात नुकसान कोणाचं?

राहिला पाठांतराचा आरोप. सीबीएसईत या विषयाचे १०० पैकी ३० गुण प्रात्यक्षिकाचे असतात. स्ट्रूपचा १९३५चा प्रयोग तर कोणत्याही वर्गात, फळा नि रंगीत पेनांवर होतो: ‘लाल’ हा शब्द हिरव्या शाईत लिहायचा आणि शाईचा रंग सांगायला लावायचा. मुलं अडखळतात. मग वेळ मोजायची, सरासरी काढायची, आपल्याच वर्गातल्या आकड्यांवरून काय म्हणता येतं आणि काय नाही यावर वाद घालायचा. हे पाठ करून येत नाही.

तरीही काही ठिकाणी हा विषय पाठांतरावरच उरकला जातो. प्रात्यक्षिकाची वही जुन्या वहीवरून उतरवतात, प्रयोग होतच नाही. मला याचा मनापासून राग येतो, पण तो दोष विषयाचा नाही. प्रवेश घेताना पालकांनी दोनच प्रश्न विचारावेत: मानसशास्त्राला स्वतंत्र शिक्षक आहेत का, आणि गेल्या वर्षी मुलांनी कोणते प्रयोग स्वतः केले? दुसऱ्या प्रश्नावर उत्तर आलं नाही, तर दुसरं महाविद्यालय पाहा.