नामिबमध्ये 'नुसती वाळू'? सल्ला देणाऱ्यांनी दुपारीच पाहिलंय

"नामिबियाच्या वाळवंटात नुसती वाळू. दुपारी सोसुसफ्लेईला पोहोचायचं, फोटो काढायचे, निघायचं. साधी कार पुरते. प्राणी हवेत तर केनियाला जा." (सोसुसफ्लेई म्हणजे नामिब या वाळवंटात वाळूच्या टेकड्यांमधली सपाट, कोरडी जागा.) हा सल्ला प्रवासाच्या ग्रुपांवर सतत फिरतो. तो पाळणाऱ्याला खरोखरच काही दिसत नाही, म्हणून तो टिकून आहे.

'नुसती वाळू': उन्हाळ्यात दुपारी वाळूचा पृष्ठभाग 60 अंशांच्या वर तापतो. तेव्हा सरडे वाळूत शिरलेले असतात आणि ओरिक्स ही लांब शिंगांची हरणं त्साउचाब नदीच्या कोरड्या पात्रालगत बाभळीसारख्या काटेरी झाडांच्या सावलीत उभी असतात. उजाडताना याच वाळूच्या टेकड्यांवर रात्रीच्या वर्दळीचे ठसे ताजे असतात; वारा सुटला की ते पुसले जातात. किनाऱ्याकडे, स्वाकोपमुंडच्या बाजूला, बेंग्वेला या थंड सागरी प्रवाहामुळे धुकं येतं. तिथला एक भुंगेरा टेकडीच्या माथ्यावर डोकं खाली, पाठ वर करून उभा राहतो आणि पाठीवरून ओघळणारं पाणी पितो. तिथे स्थानिक वाटाड्यासोबत सकाळी पायी फिरा. छोटे विषारी साप फक्त डोळे बाहेर ठेवून वाळूत पुरलेले असतात, त्यामुळे अनवाणी अजिबात नको.

'दुपारी पोहोचा': सोसुसफ्लेई ज्या उद्यानात आहे त्याचं सेसरीम इथलं मुख्य फाटक सूर्योदयाला उघडतं. उद्यानाच्या आत मुक्काम असेल तर त्याआधी निघता येतं, म्हणून आतली जागा लवकर आरक्षित करावी. टेकडीची एक बाजू नारिंगी आणि दुसरी काळी दिसते ती तिरप्या उन्हातच. सोसुसफ्लेईजवळच्या डेडफ्लेई या तशाच सपाट जागेतली वाळलेली झाडं काही शतकांपूर्वी मेली. टेकड्यांनी नदीची वाट अडवली आणि हवा इतकी कोरडी की लाकूड कुजलं नाही. त्यांच्यावर चढू नका, टेकूही नका.

'साधी कार पुरते': सेसरीमपासून सुमारे 60 किलोमीटर डांबरी रस्ता आहे, तिथपर्यंत पुरते. शेवटचे पाचेक किलोमीटर मऊ वाळू आहे. फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाचा जोर देता येणारी गाडी असेल तर वाळूत शिरण्याआधीच तो जोर चालू करा आणि टायरची हवा सुमारे 18 पीएसआयपर्यंत उतरवा. गाडी रुतते ती बहुतेकदा मध्येच थांबल्यामुळे. रुतलीच तर अॅक्सिलरेटर दाबू नका, चाक आणखी खोल जातं. चाकांपुढची-मागची वाळू उपसून आपल्याच चाकोरीवरून मागे या. परतताना डांबरावर वेग घेण्याआधी हवा भरा, नाहीतर टायर तापून फुटतो. हे जमणार नसेल तर तिथली शटल घ्या. डेडफ्लेईपर्यंत पुढे किलोमीटरभर चालणं आहेच.

'प्राणी केनियात': नामिबियाच्या वायव्येकडे होआनिब आणि हुआब या कोरड्या नद्यांच्या पात्रात हत्ती राहतात. ही वेगळी जात नव्हे. आफ्रिकेतलेच सव्हाना हत्ती, पण पाण्याशिवाय काही दिवस काढणारे. पात्रातल्या झाडीत स्वतःहून गाडी घालू नका, वाटाड्या घ्या. प्राण्यांची गर्दीच हवी असेल तर उत्तरेला इटोशा उद्यानाचे पाणवठे आहेत. इटोशा म्हणजे वाळूचं वाळवंट नव्हे, तिथे मिठाचा विस्तीर्ण, सपाट खोलगट भाग आहे. जून ते ऑक्टोबर या कोरड्या महिन्यांत जा. जानेवारीत पाऊस पडला की पाणी सगळीकडे मिळतं आणि प्राणी पांगतात.